नावाची मुदत

आमच्या संस्थेच्या त्रैमासिकाच्या मलपृष्ठावर २००४ पासून २०१८ पर्यंत संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता छापला जात असे. ग्रंथालयात कापडी बांधणीत ठेवलेल्या खंडांवर तो आजही आहे, आणि छापलेले अक्षर ते, खोडायचे कसे? एखाद्या जिज्ञासू वाचकाने तो पत्ता संगणकावर टंकून पाहिला तर त्याला तेथे मराठीचे एक अक्षर दिसणार नाही. दिसतील त्या जुगाराच्या जाहिराती, आणि त्याही आमच्यापैकी कोणालाच वाचता न येणाऱ्या लिपीत.

घडले ते असे. २००४ साली तेव्हाच्या चिटणिसांच्या भाच्याने हौसेने संस्थेसाठी एक नाव नोंदवले. मुलगा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. त्याने चार पाने तयार केली आणि पुढे सवडीने जुन्या अंकांची छायाचित्रेही त्यावर चढवली. नोंदणी त्याच्या नावे, ई-पत्ता त्याचा, पैसेही त्याच्याच कार्डावरून जात. कालांतराने तो परदेशी गेला, कार्ड बदलले, विद्यार्थिदशेतला ई-पत्ता बंद पडला. चिटणीस कालवश झाले. २०१८ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नावाची मुदत संपली. सूचना रीतसर निघाल्या असतील, पण त्या पडल्या कोणी न उघडणाऱ्या पेटीत. गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या वेळी कोणीतरी म्हणाले, संकेतस्थळ उघडत नाही. आम्ही समजलो, दुरुस्ती चालू असेल. दसऱ्याच्या सुमारास खरा प्रकार कळला, आणि कळल्यावरही आम्ही आमच्या शिरस्त्यानेच चाललो. कार्यकारिणीची बैठक कोजागिरीला ठरली, ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळाले, दोन सह्यांचा धनादेश तयार झाला. ज्या कंपनीकडे नोंदणी होती ती धनादेश घेत नव्हती. घेत असती तरी उपयोग नव्हता, कारण दोनच दिवसांपूर्वी ते नाव दुसऱ्याच्या नावे लागले होते. काही महिन्यांनी एका परदेशी व्यापाऱ्याचे पत्र आले: १,८०० डॉलर द्या आणि नाव घ्या. तेवढ्या रकमेत आमचे दोन अंक छापून होतात.

त्या कोजागिरीच्या बैठकीत आमच्या एका वयोवृद्ध सभासदांनी विचारले होते, "नाव आपण विकत घेतलं होतं ना? मग ते गेलं कसं?" दूध आटत होते आणि उत्तर कोणाजवळच नव्हते. त्यांच्या प्रश्नाने आम्हांला या नावांच्या इतिहासाकडे वळवले. जे हाती लागले ते येथे मांडतो.

महाजालावरील प्रत्येक यंत्राची खरी ओळख आकड्यांची असते. नाव ही माणसांची सोय. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या आर्पानेटवर आरंभी यंत्रे मोजकी होती, तेव्हा कोणते नाव कोणत्या आकड्याचे हे एका यादीत लिहिलेले असे. ही यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये राही. १९७२ पासून १९८९ पर्यंत तेथील माहिती केंद्र एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखाली होते. नवे नाव हवे असेल तर कामाच्या वेळेत त्यांच्या कचेरीला दूरध्वनी करावा, त्यांनी यादीत भर घालावी, आणि इतरांनी ती यादी आपापल्या यंत्रावर उतरवून घ्यावी, असा सरळ व्यवहार होता. गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तराची आठवण व्हावी असा. वही एक, सांभाळणारा एक, आणि वहीत नाव चढले की ते चढले.

यंत्रे वाढली तशी ही वही पुरेनाशी झाली. १९८३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधील पॉल मोकापेट्रिस यांनी तिच्या जागी एका वृक्षाची कल्पना मांडली: एक मूळ, त्याला थोड्या फांद्या, आणि प्रत्येक फांदीचा हिशेब तिचा तिने ठेवायचा. १९८४ च्या ऑक्टोबरात त्यांचे ज्येष्ठ सहकारी जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी फांद्यांची नावे जाहीर केली. व्यापारी मंडळींसाठी कॉम, विद्यासंस्थांसाठी एज्यु, इतरांसाठी ऑर्ग, आणि सरकार व सैन्य यांच्यासाठी वेगळ्या. १५ मार्च १९८५ रोजी संगणक बनवणाऱ्या सिम्बॉलिक्स कंपनीने डॉट कॉममधले पहिले नाव घेतले. त्या वर्षाच्या अखेरीस डॉट कॉमची नावे किती होती? अवघी सहा. कंपनीचे वैभव लवकरच ओसरले, पण नाव मात्र टिकले आणि २००९ साली ते दुसऱ्या एका व्यवसायाने विकत घेतले. धनी जातो आणि नाव उरते, ही गोष्ट या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

या काळातील ध्यानात ठेवण्याजोगी बाब अशी की नाव फुकट मिळे. खर्च अमेरिकन सरकारचा असे, प्रथम संरक्षण खात्याचा आणि पुढे राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचा. मागेल त्याला, पहिला येईल त्याला, नाव मिळत असे. जिथे भाडे नाही तिथे भाडे थकण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या वयोवृद्ध सभासदांच्या मनात नावाविषयी जी कल्पना होती ती या पहिल्या दहा वर्षांना अगदी लागू पडली असती.

जानेवारी १९९३ पासून नोंदणीचे काम प्रतिष्ठानाशी झालेल्या कराराने व्हर्जिनियातील नेटवर्क सोल्यूशन्स या खासगी कंपनीकडे आले. त्याच सुमारास सामान्य माणसाच्या हाती महाजाल येऊ लागले आणि नावांना एकाएकी मोल चढले. १९९४ साली जोशुआ क्विटनर या अमेरिकन पत्रकाराने मॅक्डॉनल्ड्स हे नाव स्वतःसाठी नोंदवून दाखवले. कंपनीने तोवर ते घेतलेलेच नव्हते आणि कोणी त्याला अडवलेही नाही. पुढे एका शाळेला महाजालाची जोडणी देण्याचा खर्च कंपनीने उचलला, तेव्हा त्याने नाव परत केले.

१४ सप्टेंबर १९९५ हा या कथेतील कलाटणीचा दिवस. त्या दिवसापासून नव्या नावाला पहिल्या दोन वर्षांचे १०० डॉलर आणि त्यापुढे दरसाल ५० डॉलर शुल्क लागू झाले. यातील तीस टक्के रक्कम महाजालाच्या विकासासाठी बाजूला पडत असे. तो भाग न्यायालयात अडकला आणि १९९८ च्या एप्रिलपासून दर ७० आणि ३५ डॉलरवर आले. रक्कम फार मोठी नव्हती. परंतु शुल्काबरोबर जी दुसरी वस्तू आली तिच्याकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नसावे. ती म्हणजे मुदत. दरसाल पैसे घ्यायचे तर वर्ष कधी संपते हे लिहून ठेवावे लागते, आणि पैसे न आल्यास काय करायचे हेही ठरवावे लागते. १९९६ साली याचा पहिला मोठा प्रत्यय आला. शुल्क न भरल्याकारणाने ९,२७२ नावे एकदम बंद करण्यात आली. आमच्या समजुतीप्रमाणे नाव हरवण्याचा इतिहास येथून सुरू होतो. मुदतीची कल्पना कोणा तत्त्ववेत्त्याने मांडली नाही, कायदेमंडळात तिच्यावर वादही झाला नाही. वसुलीची एक सोय म्हणून ती आली आणि ठाण मांडून बसली.

एका कंपनीची मक्तेदारी फार दिवस लोकांना रुचली नाही. १९९८ च्या सप्टेंबरअखेर कॅलिफोर्नियात आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि नावांचा एकूण कारभार तिच्याकडे सोपवण्याचे ठरले. ज्यांच्या शब्दावर हा सारा डोलारा इतकी वर्षे उभा होता ते पोस्टेल त्यानंतर दोनच आठवड्यांत, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वारले. १९९९ च्या एप्रिलमध्ये आयकॅनने नेटवर्क सोल्यूशन्सच्या जोडीला पाच नवे रजिस्ट्रार निवडले, आणि त्यांपैकी रजिस्टर डॉट कॉमने जूनमध्ये प्रत्यक्ष नोंदणी सुरू केली.

रजिस्ट्रार हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे खरेदीखत नोंदवणारी सरकारी कचेरी उभी राहते. हा रजिस्ट्रार तसा नव्हे. त्याला बाजार समितीतला अडत्या म्हणावे. मूळ वही, जिला रजिस्ट्री म्हणतात, ती डॉट कॉमच्या बाबतीत एकाच कंपनीकडे असते. नाव घेणाऱ्याचा तिच्याशी काही संबंध येत नाही. तो अडत्याला पैसे देतो, अडत्या आपले कमिशन ठेवून वहीवाल्याकडे ठरीव रक्कम भरतो आणि नोंद करवून घेतो. ही ठरीव रक्कम नव्या व्यवस्थेत वर्षाला सहा डॉलर झाली; पुढे ती चढत जाऊन सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाली. अडत्याचा स्वतःचा करार आयकॅनशी, वहीवाल्याचा आयकॅनशी, आणि ग्राहकाचा फक्त अडत्याशी. पुष्कळदा अडत्याच्याही खाली आणखी एक उपअडत्या असतो. आमच्या भाच्याने ज्याच्याकडून नाव घेतले तो असाच होता, हे आम्हांला नाव गेल्यावर कळले.

या साखळीत एक विसंगती आहे आणि ती आमच्या मते सांगितलीच पाहिजे. २००० साली व्हेरिसाइन कंपनीने नेटवर्क सोल्यूशन्स सुमारे २१ अब्ज डॉलरच्या समभागांच्या बदल्यात घेण्याचे जाहीर केले. २००३ साली तिने अडतीचा धंदा सुमारे १० कोटी डॉलरला विकून टाकला आणि वही तेवढी स्वतःकडे ठेवली. खरे मोल कशाला होते ते यावरून दिसते. या वहीच्या करारालाही मुदत आहे. परंतु गंभीर कसूर सिद्ध न झाल्यास तो पुन्हा तिच्याच नावे व्हावा, असे कलम त्या करारातच आहे. त्याप्रमाणे १ डिसेंबर २०२४ पासून तो आणखी सहा वर्षांसाठी झाला. वहीवाल्याचा हक्क असा जवळजवळ आपोआप पुढे चालतो, आणि वहीत ज्याचे नाव आहे त्याने मात्र तारीख चुकवली की तो बाहेर. त्याला एका वेळी दहा वर्षांपलीकडचे पैसे भरायचे म्हटले तरी भरता येत नाहीत.

मुदत चुकवणारे सगळे आमच्यासारखे गाफील साहित्यप्रेमीच असतात, असे मात्र कोणी समजू नये. १९९९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी जगभर हॉटमेलच्या कित्येक लोकांची टपाले उघडेनाशी झाली. मायक्रोसॉफ्टच्या ज्या व्यवस्थेतून ग्राहकाची ओळख पटवली जाई तिचे नाव पासपोर्ट डॉट कॉम, आणि त्या नावाचे वर्षाचे ३५ डॉलर भरायचे राहून गेले होते. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या मायकेल चेनी या संगणक-सल्लागाराने शोध घेता घेता हे कारण हेरले. गृहस्थ लिनक्सचा, म्हणजे प्रतिस्पर्धी प्रणालीचा, उपासक. नाताळाच्या दिवशी त्याने स्वतःच्या कार्डावरून मायक्रोसॉफ्टचे ३५ डॉलर भरून टाकले. दुसऱ्या दिवसापर्यंत टपाल पुन्हा सुरू झाले. कंपनीने कृतज्ञतेने त्याला ५०० डॉलरचा धनादेश पाठवला. त्याने तो वटवला नाही. लिलावात विकून पैसे धर्मादायाला दिले. २००३ साली याच कंपनीच्या हॉटमेलचे ब्रिटनमधले नाव मुदत संपून खरोखरच दुसऱ्या एकाच्या हाती गेले, आणि तेही सद्गृहस्थच निघाल्याने परत मिळाले. फेब्रुवारी २००४ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकाच्या टपालाचे नाव संपले आणि बातमीदारांचे ई-टपाल खोळंबले. दुसऱ्यांच्या चुका रोज छापणाऱ्या वृत्तपत्राला आपली स्वतःचीही बातमी द्यावी लागली.

असे सद्गृहस्थ सर्वांच्याच वाट्याला येत नाहीत. नव्या शतकाच्या आरंभी संपलेली नावे टिपण्याचा एक स्वतंत्र धंदा उभा राहिला. नाव वहीतून पुसले जाण्याचा क्षण ठरलेला असतो. त्या क्षणी ते मोकळे होते आणि पुढच्याच क्षणी, पापणी लवण्याच्या आत, यंत्राकडून यंत्राकडे विनंत्यांचा भडिमार होतो. ज्याची पहिली पोहोचेल त्याचे नाव. एका रजिस्ट्रारला ठरावीकच विनंत्या पाठवता येतात. यावर या धंद्यातल्या कंपन्यांनी काढलेली युक्ती अशी की एकाच मालकाने शेकडो रजिस्ट्रार काढायचे. आज आयकॅनच्या मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांच्या यादीत असे कागदी रजिस्ट्रार फार मोठ्या संख्येने आहेत. आमच्या संस्थेचे नाव कोणी मुद्दाम पळवले असे आम्हांला प्रथम वाटले होते. तसे काही नव्हते. चौदा वर्षे जुन्या नावाकडे शोधयंत्रे थोड्या आदराने पाहतात, त्याच्याकडे येणारे दुवे तयार असतात. एवढ्यासाठी कोण्या यंत्राने ते उचलले. मराठी साहित्याशी त्याला काय कर्तव्य?

या गर्दीत हरवणाऱ्यांसाठी काही सोयी मागाहून झाल्या. २००३ च्या आरंभापासून डॉट कॉमच्या नावांना सोडवणुकीची ३० दिवसांची मुदत मिळू लागली. सर्वसाधारण क्रम असा: तारीख उलटल्यावर रजिस्ट्रार साधारणपणे ४५ दिवसांपर्यंत नाव धरून ठेवू शकतो, आणि या काळात बहुधा नेहमीच्याच दराने ते पुढे चालवता येते. त्याने ते सोडून दिले की सोडवणुकीचे ३० दिवस, ज्यात मूळ धनीच नाव परत घेऊ शकतो, पण दंड भरून. आणि हा दंड वर्षाच्या भाड्याच्या कितीतरी पट असतो. त्यानंतरचे पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही. मग नाव पुसले जाते. बरेच रजिस्ट्रार तर पहिल्या टप्प्यातच लिलाव पुकारतात, त्यामुळे हा संपूर्ण क्रम प्रत्येकाच्या वाट्याला येईलच असे नाही. आम्हांला तो पुरेपूर मिळाला होता, सुमारे अडीच महिने, आणि आम्ही तो ठरावांत घालवला. ३१ ऑगस्ट २०१३ पासून आयकॅनचा असाही नियम आहे की मुदतीपूर्वी सुमारे एक महिना, मग सुमारे एक आठवडा आणि मुदतीनंतर पाच दिवसांच्या आत अशा निदान तीन सूचना रजिस्ट्रारने दिल्याच पाहिजेत, आणि नाव पुसण्यापूर्वी संकेतस्थळ काही दिवस बंद पाडले पाहिजे. हे बंद पाडणे हीच खरी हाक. कारण पत्र न वाचणारा धनीसुद्धा दार उघडेना म्हणजे विचारपूस करतो. आम्ही ती हाक ऐकली आणि दुरुस्ती समजून स्वस्थ बसलो.

सूचनांचीही एक वेगळी कथा आहे. सगळ्याच सूचना खऱ्या नसतात. डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका या सरकारी वाटणाऱ्या नावाची एक कंपनी लोकांना घरपोच कागदी बिले धाडीत असे, आपले नाव संपत आले आहे, त्वरा करा. बिल भरणाऱ्यास पत्ता नसे की आपण नूतनीकरण करीत नसून नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवीत आहोत, तेही चढ्या दराने. २००३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला आवर घातला. अशा पत्रांमुळे झालेले खरे नुकसान निराळेच होते: शहाणी माणसे नूतनीकरणाचे प्रत्येक पत्र फसवे समजून टोपलीत टाकू लागली. आणि कधी कधी ग्राहक जागा असतो पण अडत्याच बुडतो. २००६-०७ मध्ये रजिस्टरफ्लाय या अमेरिकन कंपनीचे मालक आपसांत भांडू लागले, ग्राहकांनी भरलेले पैसे वहीपर्यंत पोहोचेनात, आणि पावत्या हातात असताना लोकांची नावे संपू लागली. मार्च २००७ मध्ये आयकॅनने तिची मान्यता काढली आणि तिच्याकडची सुमारे साडेआठ लाख नावे गोडॅडीकडे सोपवली. ग्राहकांच्या नोंदींची प्रत प्रत्येक रजिस्ट्रारने त्रयस्थाकडे ठेवावी, ही तरतूद करारात पूर्वीपासून होती. ती खऱ्या अर्थाने अमलात आली या प्रकरणानंतर.

आता आमच्या सभासदांच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. नाव ही मालमत्ता आहे की नाही? अमेरिकेतच याची दोन उत्तरे मिळाली. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली उंब्रो या क्रीडासाहित्याच्या कंपनीच्या दाव्यात असे ठरवले की ऋणकोची नावे धनकोला जप्त करता येणार नाहीत, कारण नाव हा रजिस्ट्रारकडून मिळणाऱ्या सेवेचा करार आहे, त्यापासून ते वेगळे काढता येत नाही. उलट २००३ साली कॅलिफोर्नियातील गॅरी क्रेमेन यांच्या खटल्यात नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने नाव ही त्या राज्याच्या कायद्याने मालमत्ताच आहे असा निकाल दिला. क्रेमेन यांनी १९९४ साली घेतलेले नाव, जे या त्रैमासिकात छापण्यासारखे नाही, पुढच्याच वर्षी स्टीफन कोहेन नावाच्या इसमाने एका बनावट पत्राच्या बळावर आपल्या नावे करून घेतले होते. नेटवर्क सोल्यूशन्सने पत्राची शहानिशा केली नाही. न्यायालय म्हणाले, दुसऱ्याची वस्तू तुम्ही भलत्याच्या हाती दिलीत, तर जबाबदारीही तुमची. कोहेनवर ६.५ कोटी डॉलरचा हुकूमनामा आधीच झाला होता, पण तो देशाबाहेर निघून गेला होता.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली रेडिफच्या दाव्यात, एका अक्षराच्या फरकाने तसेच नाव घेणाऱ्याला मनाई केली, आणि २००४ साली सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्यापारचिन्हाप्रमाणे अशा नावालाही संरक्षण मिळेल असे सांगितले. पण यांपैकी कोणत्याही न्यायालयाने मुदतीला हात लावलेला नाही. चोरापासून, नक्कल करणाऱ्यापासून न्यायालय तुम्हांला वाचवील. पंचांगापासून वाचवणार नाही. मराठी मुलुखातल्या जमीनधाऱ्याच्या जुन्या भाषेत सांगायचे तर आमचे सभासद आपल्याला मिरासदार समजत होते. मिरासदार गाव सोडून गेला आणि पुष्कळ वर्षांनी परतला तरी आपली जमीन मागू शके. आम्ही होतो उपरी, सालाच्या बोलीने कसणारे. घेताना 'विकत घेतले' हा शब्द सर्वांच्या तोंडी होता, पावतीवर मात्र 'नोंदणी, एक वर्ष' असे होते.

हे सगळे संस्थेच्या हळहळीपुरते असते तर एवढे लिहिले नसते. ६ जून २०१६ रोजी अमेरिकेतील सोरेन्सन कम्युनिकेशन्स या कंपनीचे एक नाव मुदत संपून बंद पडले. ही कंपनी कर्णबधिरांना दुभाष्यामार्फत, चित्रफोनवर खुणांच्या भाषेत, दूरध्वनी करण्याची सोय देते. नाव परत सुरू होईपर्यंत तिच्या कित्येक ग्राहकांना ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाशीदेखील बोलता येत नव्हते. घरात चोर शिरला, आग लागली, कोणी कोसळले, तरी हात हलवून सांगावे कोणाला? तेथील दूरसंचार आयोगाने २०१७ साली कंपनीला २,५२,००० डॉलरचा दंड केला आणि सेवानिधीत २७ लाख डॉलर परत करायला लावले. एका नावाच्या वर्षाच्या भाड्याशी ही रक्कम ताडून पाहावी.

एक गमतीची गोष्टही येथे आठवते. सप्टेंबर २०१५ मध्ये सन्मय वेद या तरुणाला मध्यरात्री गूगल डॉट कॉम हे नाव विक्रीस उपलब्ध दिसले, आणि १२ डॉलर भरून ते त्याने घेतलेही. मिनिटभर तो त्याचा धनी होता. मग व्यवहार रद्द झाला. मुळात हा मुलगा मांडवीचा, आमच्या बडोद्याच्या मांडवीचा नव्हे, कच्छातल्या. गूगलने त्याला ६,००६.१३ डॉलर बक्षीस दिले. आकडे किंचित डोळे मिचकावून वाचले तर इंग्रजीत गूगल दिसते. त्याने ती रक्कम दान केल्यावर कंपनीने ती दुप्पट केली. हे नाव मुदत संपून सुटले नव्हते, सुटले होते दुसऱ्याच काही गफलतीने. तरीपण जगातले सर्वांत परिचित नाव १२ डॉलरच्या पावतीवर लटकलेले असते, हे त्यावरून समजते.

भारताचे स्वतःचे नाव, डॉट इन, १९८९ पासून मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होते. नियम कडक, त्यामुळे नावे फार थोडी. जानेवारी २००५ मध्ये ते नव्या धोरणाने सर्वांना खुले झाले आणि कारभार निक्सी या संस्थेकडे आला. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत डॉट भारत सुरू झाले, त्यात मराठी आणि कोंकणीही होत्या. आपल्या लिपीत आपला पत्ता, हे आम्हांला फार आवडले होते. पुढे लक्षात आले की लिपी बदलली तरी पावती तीच: नोंदणी, अमुक वर्षे.

जानेवारी २०१९ मध्ये आम्ही नवे नाव घेतले, डॉट इन. नोंदणी व्यक्तीच्या नावे नसून संस्थेच्या नावे आहे. ई-पत्ते दोन दिले, तेही संस्थेचेच, आणि दोन्ही निराळ्या ठिकाणचे. एकदम दहा वर्षांचे पैसे भरले. कोषाध्यक्षांच्या खतावणीत घरपट्टी आणि विम्याच्या हप्त्याच्या पानावर त्याची तारीख लिहिली, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी पान बदलणार नाही. जुने अंक पुन्हा चढवण्याचे काम दोन तरुण सभासद करीत आहेत. २००४ पासूनचे सर्व होण्यास अजून वेळ लागेल, कारण भाच्याजवळची मूळ छायाचित्रे पूर्ण उरलेली नाहीत.

राहिले ते ग्रंथालयातले खंड. त्यांच्या मलपृष्ठांवरील जुन्या पत्त्यावर चिकटवण्यासाठी नव्या पत्त्याच्या पट्ट्या छापून आणल्या आहेत. पट्टीवर काय छापावे याविषयी कार्यकारिणीत दोन मते पडली. प्रश्न विचारणाऱ्या त्याच वयोवृद्ध सभासदांचा आग्रह होता की पत्त्याखाली 'जानेवारी २०२९ पर्यंत' असे लिहावे, औषधाच्या बाटलीवर असते तसे. बहुमताने ते वाक्य गाळले गेले. त्यांनी आपल्या संग्रहातल्या अंकांवर ते स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने लिहून ठेवले आहे.